२० लाख कोटी आले म्हणे, मग वडिलांच्या हातात काहीच का नाही पडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वडील पुण्याजवळच्या भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये (म्हणजे पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारा छोटा कारखाना) कॉन्ट्रॅक्टरमार्फत कामाला, पगार १२ हजाराच्या आसपास. मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर तीन महिने एक रुपया नाही मिळाला, आईच्या जनधन खात्यात ५०० रुपये तीनदा आले, रेशनवाल्याने कार्ड बघून परत पाठवलं, आणि टीव्हीवर सरकारच्या कोविड पॅकेजचं २० लाख कोटी २० लाख कोटी चाललेलं. तर ते पैसे गेले कुठे, कोणी खाल्ले, आणि परत अशी वेळ आली तर आधीपासून काय करून ठेवायचं?

मी गेली २२ वर्षं पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगारांचा सरकारी विमा) काम करतो. पन्नासेक छोट्या कंपन्या आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांची रिटर्नं (दर महिन्याचे सरकारी हिशोब) भरतो, म्हणजे पोट मालकांच्या फीवर चालतं हे आधीच सांगून टाकतो, पण लॉकडाऊनमध्ये सगळ्यात जास्त फोन कामगारांचेच आले आणि ते काम मी फुकटात केलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

"कोणी खाल्ले" याचं उत्तर आधी देतो म्हणजे तो विषय संपेल. मे २०२० मध्ये जो आकडा जाहीर झाला तो २० लाख ९७ हजार ५३ कोटींचा होता. त्यातले ८ लाख कोटींहून जास्त रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी मोकळे केलेले पैसे, म्हणजे बँकांनी कर्ज द्यावं म्हणून केलेली सोय. ३ लाख कोटी छोट्या उद्योगांना विनातारण कर्ज, ज्याची गॅरंटी सरकारची. त्यानंतर एनबीएफसी (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), वीज कंपन्या, शेतीकर्ज, किसान क्रेडिट कार्ड असं बरंच. थेट माणसाच्या हातात पडणारा भाग मुख्यतः २६ मार्चला जाहीर झालेल्या १ लाख ७० हजार कोटींच्या गरीब कल्याण पॅकेजमध्ये होता आणि त्यातही मोठा वाटा धान्याचा. म्हणजे कोणी खाल्ले असतील नसतील तो वेगळा मुद्दा, पण ९० टक्के रक्कम रोख वाटायची अशी कधी नव्हतीच. कर्ज आणि मदत एकाच बेरजेत घातली की आकडा असाच दिसतो.

आणि काही गोष्टी तर तुमचेच पैसे तुम्हाला परत अशा होत्या. मे, जून, जुलै २०२० ला पीएफ १२ टक्क्यांवरून १० वर आणला, ते ६,७५० कोटी म्हणून पॅकेजमध्ये धरले. ९ हजार बेसिकवाल्याला महिन्याला १८० रुपये जास्त हातात आले, पण ते त्याच्याच पीएफमधून कमी झाले. मालकाचे जे २ टक्के वाचले ते बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरांनी कामगाराला दिलेच नाहीत, कायद्याने बांधील पण नव्हते म्हणा.

आता मुख्य मुद्दा. मी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेतो: २४ मार्च २०२० च्या रात्री वडिलांचं नाव कुठल्या कुठल्या यादीत होतं?

असं का विचारतो ते सांगतो. ७२ चा दुष्काळ माझ्या आजोबांनी पाहिला, खडी फोडायला जायचे. त्या वेळी सरकारला यादी लागत नव्हती, जो कामावर येईल त्याला मजुरी. त्यातूनच आपल्याकडे रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा, मागेल त्याला काम. गरजू कोण हे शोधायची गरज नाही, उन्हात खडी फोडायला येतोय म्हणजे गरजू आहेच. साथीमध्ये हे उलटं झालं. लोकांना बोलवायचं नव्हतं, घरात बसवायचं होतं, म्हणजे काम न करण्याचे पैसे द्यायचे होते, आणि काम न करण्याचे पैसे द्यायला आधी कोण काम करत होता हे लिहिलेलं लागतं. ब्रिटनने ८० टक्के पगार, महिन्याला २५०० पौंडांपर्यंत, सप्टेंबर २०२१ पर्यंत दिला कारण तिथे जवळपास प्रत्येकाचा पगार टॅक्स खात्याच्या सिस्टीममध्ये दर महिन्याला जातो. आपल्याकडे तशी एक यादी नाही, दहा तुकडे आहेत आणि वडील प्रत्येक तुकड्यात अर्धवट होते.

एक एक बघू. (तुमच्याकडची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे थोडं जर-तर राहणार.)

बँकेची यादी सगळ्यात सरळ चालली. २० कोटी ४० लाख महिलांच्या जनधन खात्यात ५०० रुपये, तीन महिने. आईचं खातं होतं, आले. वडिलांचं जनधन असतं तरी आले नसते, योजनाच महिलांची होती. १५०० रुपयांत खोलीचं अर्धं भाडं पण होत नाही हे मान्य, पण पोचले एवढं खरं.

रेशनच्या बाबतीत गंमत बघा. मोफतचं माणशी ५ किलो धान्य हे अन्न सुरक्षा यादीतल्या ८० कोटी लोकांसाठी होतं. महाराष्ट्रात त्या यादीसाठी शहरात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. वडिलांचा पगार १२ हजार, वर्षाला १ लाख ४४ हजार. केशरी कार्डाची मर्यादा पण १ लाखाची, म्हणजे कागदावर ते त्याच्याही वर, पांढऱ्या कार्डाचे धनी, डॉक्टर-वकिलांच्या रांगेत! केशरीवाल्यांना मे-जूनमध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने मिळाला, पांढऱ्याला तो पण नाही. नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराचं उत्पन्न कुठेच लिहिलेलं नसतं त्यामुळे तो कार्डात बसू शकतो, पगारपत्रकावर असलेला माणूस मात्र खरं उत्पन्न दिसतं म्हणून बाहेर. आणि मूळ कार्ड गावाला असेल तर अजून वेगळा घोळ, त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातलं, दुसऱ्या राज्यातलं कार्ड इथे चालवून घ्यायची सवय दुकानदारांनाही नव्हती. कार्डच नसलेल्या ८ कोटी परप्रांतीय मजुरांसाठी मे-जूनचं ५ किलो नंतर जाहीर झालं, पण तोपर्यंत अर्धे लोक चालत निघाले होते. ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले ते जालन्याच्या स्टील कारखान्यातले कामगारच होते.

पीएफ. इथे मी स्वतः गळ्यापर्यंत बुडालेलो होतो म्हणून जरा लांबवतो.

सरकारने जाहीर केलं की मालकाचे १२ आणि कामगाराचे १२ असे २४ टक्के आम्ही भरू, आधी तीन महिने, मग ऑगस्टपर्यंत. अटी दोन: १०० पर्यंत कामगार आणि त्यातल्या ९० टक्के लोकांचा पगार १५ हजारांच्या आत. माझ्या एका क्लायंटकडे ९६ माणसं. शंभराच्या आत आहे म्हणून मालक खूश, मी मोजायला बसलो तर १५ हजारांच्या वरचे सुपरवायझर-टूलरूमवाले धरून १२ निघाले. १२ म्हणजे साडेबारा टक्के. गेलं. दोन सुपरवायझर कमी असते तरी एका माणसाने हुकलं असतं, तीन कमी असते तर उरलेल्या ८४ जणांना मिळालं असतं. हे त्या ८४ जणांना समजावून सांगताना मला स्वतःलाच पटत नव्हतं.

पण मोठी मेख पुढे आहे. ते २४ टक्के मिळवायला मालकाने त्या महिन्याचं रिटर्न भरायचं आणि पगार दिला असं प्रमाणित करायचं. ज्याला एप्रिलचा पगारच मिळाला नाही त्याचं रिटर्न शून्याचं, शून्याचे २४ टक्के शून्य. म्हणजे ज्याचा पगार चालू होता त्याला मदत आणि ज्याचा बंद पडला त्याला काही नाही. हेतू चांगला असेल, मालकाने माणूस टिकवावा असा, पण तीन महिने शटर बंद असलेल्या प्रेस शॉपला त्याचा उपयोग नव्हता.

दुसरं म्हणजे स्वतःच्या पीएफमधून ॲडव्हान्स. शिल्लकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), यातलं जे कमी ते, परत भरायचं नाही. हे मात्र खरंच उपयोगी पडलं, क्लेम बरोबर असेल तर तीन-चार दिवसांत पैसे जमा झालेले मी पाहिलेत. क्लेम बरोबर असेल तर, हे महत्त्वाचं. एप्रिल २०२० मधला एक जण आठवतो, खात्यात २७ हजार, म्हणजे २०,२५० मिळणार होते. नाव ज्ञानेश्वर. आधारवर इंग्रजी स्पेलिंग 'डीएनवाय'ने सुरू, आपल्याकडे लिहितात तसं, आणि पीएफला कॉन्ट्रॅक्टरच्या हिंदी भाषिक ऑपरेटरने 'जीवाय'ने घातलेलं, ग्यानेश्वर. क्लेम रिजेक्ट. दुरुस्तीला तेव्हा कॉन्ट्रॅक्टरची डिजिटल सही लागायची, कॉन्ट्रॅक्टर गावी, सहीचा पेन ड्राइव्ह बंद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन यायचा, "साहेब झालं का?" जूनमध्ये झालं. २०,२५० रुपये त्याचेच, आणि एका अक्षरासाठी दोन महिने अडकले. जन्मतारखेत तीन वर्षांपेक्षा कमी फरक असेल तर आधारवरची चालेल असा आदेश एप्रिलच्या सुरुवातीलाच निघाला होता, त्याने बरेच सुटले, पण नावाचं तसं नव्हतं.

ईएसआयसीबद्दल बहुतेकांना माहीतच नसतं. वडिलांच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये कापले जात असणार. तिथे बेरोजगार भत्ता आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के होता, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केला, ९० दिवसांपर्यंत, आणि मालकाची शिफारस लागणार नाही, थेट ब्रँच ऑफिसला अर्ज असं सोपं केलं. तुमच्या केसमध्ये साधारण १८ हजारांपर्यंत गेलं असतं. पण अटी: दोन वर्षं विमा असलेली नोकरी, बेरोजगारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान आणि त्याच्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत परत ७८ दिवस. कॉन्ट्रॅक्टरवाल्यांचं दर अकरा महिन्यांनी ब्रेक, नवीन नाव, नवीन नंबर, त्यात हे दिवस विस्कटतात. शिवाय नोकरी गेलेली हवी. वडिलांची गेली होती का? नाही, "कंपनी चालू झाली की बोलावतो" असं सांगितलं होतं. नोकरी आहे पण पगार नाही, या मधल्या माणसासाठी एकही रकाना नव्हता. माझ्याकडे ओळखीने आलेल्या लोकांपैकी मोजून सात जणांचा क्लेम बसला.

मग पगार न देणं बेकायदेशीर नव्हतं का, हे तुम्ही विचारणारच. २९ मार्चला गृह मंत्रालयाचा आदेश होता की बंद काळातही पूर्ण पगार द्या. १८ मेपासून तो मागे घेतला. मालक मंडळी सुप्रीम कोर्टात गेलेली होती, १२ जून २०२० ला कोर्टाने सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, त्या ५० दिवसांच्या पगाराबद्दल मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावं. आता सांगा, कॉन्ट्रॅक्टरकडे १२ हजारावर असणारा माणूस आपसात काय बोलणार? ज्या कंपनीत युनियन होती तिथे कुठे ५० टक्के, कुठे ७० टक्के असं ठरलं. जिथे नव्हती तिथे मालक काय म्हणेल ते.

मालकांचं पण सांगतो, कारण सगळेच काही हरामखोर नव्हते. माझ्या एका क्लायंटने एप्रिलचा पगार बायकोचे दागिने ठेवून दिला, मे मध्ये हात वर केले. त्याला ते गॅरंटीचं कर्ज मिळालं, २९ फेब्रुवारीला शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्के, पण ते येईपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि आलं ते सगळं स्टीलवाल्याची देणी फेडण्यात गेलं, नाहीतर माल सुटत नव्हता. आणि असेही पाहिलेत ज्यांनी बँकेत फिक्स डिपॉझिट असताना आदेश मागे घेतल्याचा पेपर नोटीस बोर्डावर डकवला. दोघांच्याही कामगाराला सारखंच, शून्य.

राज्याच्या मदतीत पण हेच. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात वर्षानुवर्षं सेस (बांधकामांवर घेतलेला कर) साठलेला होता म्हणून नोंदीत, नूतनीकरण चालू असलेल्या कामगारांना २०२० ला थेट पैसे गेले. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांमध्ये बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले यांना १५०० रुपये. प्रेस ऑपरेटर यातला कोणीच नाही. वडिलांच्या स्लिपवर प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये कापलेले दिसतील बघा. तो कर आपल्याकडे १९७५ ला रोजगार हमीच्या खर्चासाठी म्हणून आला. शहरातला कामगार गावच्या कामांसाठी दर महिन्याला भरतो, आणि त्याचं स्वतःचं काम बंद पडलं तेव्हा भोसरीत तसली हमी नव्हती. गावी गेला असता आणि तिथे रोजगार हमीचं जॉब कार्ड असतं तर २३८ रुपये रोजाने खड्डे खणता आले असते.

तर एवढ्या सगळ्यात वडील का हुकले याचं माझं मत असं की ते पुरते गरीब म्हणून नोंदलेले नव्हते आणि पुरते नोकरदार म्हणूनही नव्हते. आपल्या योजना या दोन टोकांसाठी बनतात आणि एमआयडीसीतला अर्ध्याहून जास्त माणूस मधे असतो.

आता काय करून ठेवायचं. पहिलं पीएफ. दर कॉन्ट्रॅक्टरला वेगळा मेंबर आयडी (पीएफ खात्याचा नंबर) पडलेला असतो, ते सगळे एका यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) जोडून ट्रान्सफर करून घ्या, जुन्या प्रत्येक नोकरीची सोडल्याची तारीख टाकलेली आहे का बघा, आधार-पॅन-बँक तिन्हीकडे नाव अक्षर न अक्षर सारखं करा. हे शांततेच्या काळात पंधरा दिवसांचं काम आहे. कोविडचा तो ॲडव्हान्स जून २०२४ मध्ये बंद झाला, पण पुढे कुठलीही मदत आली तरी याच पाइपातून येणार. ईएसआयसीचा विमा नंबर एकच ठेवा, नवीन कॉन्ट्रॅक्टर आला की जुना नंबर त्याच्या हातात द्या, तो आळसाने नवीन काढतो आणि दोन वर्षांचा हिशोब पहिल्यापासून सुरू होतो. पगार रोखीत घेऊ नका, ५०० कमी आले तरी खात्यात घ्या. ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) पीएफवाल्यांसाठी नाही, पण आई घरकाम करत असेल तर तिची नोंद तिथे (५९ वर्षांपर्यंत) आणि घरेलू कामगार मंडळात, दोन्हीकडे करा. अन्न सुरक्षा यादीतलं रेशन कार्ड गावाकडे असेल तर आता इथल्या दुकानावर अंगठा देऊन धान्य उचलता येतं, नावं आधारला जोडलेली हवीत फक्त.

त्या तीन महिन्यांच्या पगाराचं मी खोटं आश्वासन देणार नाही. जुन्या वेतन कायद्यात क्लेमला १२ महिन्यांची मुदत होती, उशीर माफ होऊ शकतो पण कारण सबळ लागतं, आणि इतक्या वर्षांनी ते कठीण आहे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार कायदे, म्हणजे कोड, लागू झाले, त्यात मुदत ३ वर्षं आहे, पण ती पुढच्यासाठी धरा.) कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर मूळ कंपनी जबाबदार असते हेही लक्षात ठेवा, हे लोक नेहमी विसरतात.

तरी एक गोष्ट बघाच. पीएफ पासबुक उघडून एप्रिल ते जून २०२० च्या ओळी काढा. ओळच नसेल किंवा शून्य असेल तर कॉन्ट्रॅक्टरने निदान खरं लिहिलं. पण तिथे भरणा दिसला, मग तो त्याने भरलेला असो की सरकारचे २४ टक्के असोत, तर त्याचा अर्थ त्याने त्या महिन्यांचा पगार दिला असं स्वतः लिहून दिलेलं आहे. मग त्याच तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवायचं आणि दोन्हीच्या प्रिंट घेऊन लेबर ऑफिसला किंवा एखाद्या युनियनच्या माणसाकडे जायचं. आधी पासबुक काढा, काय दिसतं ते इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.